डॉ. कोटणीस : पडद्यावरचे आणि फळ्यासमोरचे

'आपल्या सोलापूरचा एखादा मोठा माणूस घ्या आणि चार-पाच पानं लिहा,' असं स्मरणिका समितीने सांगितलं तेव्हा कुणावर लिहायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. आपल्या बॅचमधल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, १० ऑक्टोबरला काय असतं? इतिहासाचे आपले सर त्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधीच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचे : 'डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०.' त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली बारीक अक्षरात 'पुसू नये'. पुढच्या तासाला गणिताच्या सरांना तेवढा कोपरा सोडून समीकरणं मांडावी लागत. ते कुरकुरायचे, पण पुसायचे नाहीत.

माझा जन्म १९६२ चा. तुमच्यापैकी बहुतेकांचा त्याच्या आगेमागेच. त्या साली चीनशी युद्ध झालं, त्यामुळे आपण ज्या घरांत वाढलो तिथे 'चिनी' हा शब्द फारसा चांगल्या अर्थाने येत नसे. मी घरी जाऊन उत्साहाने कोटणिसांविषयी सांगितलं तर आजोबा म्हणाले, "एवढा शिकलेला पोरगा, तिकडं जाऊन काय मिळवलं?" हे मी सरांना दुसऱ्या दिवशी विचारलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "आजोबांना सांग, तो गेला तेव्हा बॉम्ब चिन्यांवर पडत होते." मला तेव्हा हे फारसं कळलं नव्हतं.

मग सातवीत असताना आपल्याला तो सिनेमा दाखवला. आठवत असेल. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना कुणाकुणाच्या घरून आणलेल्या सोलापुरी चादरी बांधून अंधार केला होता, आणि प्रोजेक्टरची रीळ दोनदा तुटली. व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६ चा. त्यात स्वतः शांताराम कोटणीस झाले होते आणि जयश्री त्यांची चिनी पत्नी. त्यात भयंकर प्लेगची साथ आहे, डॉक्टर तिच्यावर इलाज शोधतात, जपानी सैनिक त्यांना पकडतात, ते निसटतात आणि शेवटी तोच रोग त्यांचा जीव घेतो. मागच्या रांगेतली आपली गँगसुद्धा शेवटी गप्प होती. माझ्या मनात पुढची वीसएक वर्षं कोटणीस म्हणजे तो सिनेमाच होता.

पुढे मी डॉक्टर झालो, सर्जरी केली आणि नोकरीची बहुतेक वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यात गेली. त्या काळात कोटणिसांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. ख्वाजा अहमद अब्बास यांचं १९४४ चं पुस्तक वाचलं, त्याच्यावरूनच सिनेमा निघाला. त्यांच्याबरोबर गेलेले डॉ. बिजॉयकुमार बसू यांची रोजनिशी वाचली. पत्नी क्वो छिंगलान यांच्या आठवणी वाचल्या. हळूहळू लक्षात आलं, की सिनेमातला प्लेग खरा नाही. कोटणीस प्लेगने गेले नाहीत, अपस्माराच्या म्हणजे फिटच्या झटक्यांनी गेले. आणि ज्या कामात त्यांनी शेवटची दोन वर्षं घातली ते काम सिनेमात जवळजवळ नाहीच. ते काम होतं शिकवण्याचं. खेड्यातल्या पोरांना शिकवून डॉक्टर करण्याचं. पडद्यावर दाखवायला त्यात काही थरार नाही, हे मान्य. पण या अंकाचे वाचक शिक्षक आणि विद्यार्थी आहेत, म्हणून मी तेवढ्यावरच लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोटणीस मध्यमवर्गीय घरातले, वडील शांताराम. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव, आणि तापलेलं गाव. मे १९३० मध्ये इथे लष्करी कायदा पुकारला गेला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यावरून आपण रोज सायकल दामटत शाळेत आलो, तेव्हा हे सांगायला नको. कोटणीस तेव्हा विशीत होते. मुंबईला परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते १९३६ मध्ये एम.बी.बी.एस. झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करू लागले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्यांनी देशाला आवाहन केलं आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. एक रुग्णवाहिका, औषधं, हत्यारं आणि पाच डॉक्टर, असं पथक ठरलं. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, जे आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. आणि अठ्ठाविशी पुरी न झालेले आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोटीने ते मुंबईहून निघाले. १७ तारखेला कँटनला पोचले, तेव्हा स्वागताला सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग होत्या.

पुढचं वर्षभर हे पथक युद्धाच्या पुढे पुढे पळत होतं असंच म्हणावं लागेल. ऑक्टोबरमध्ये कँटन पडलं, चार दिवसांनी हँकौ. मग ते चुंगकिंगला गेले. तिथे असताना कोटणिसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. परत जायला कुणी नाही म्हटलं नसतं. ते गेले नाहीत. १२ फेब्रुवारी १९३९ ला पथक येनानला पोचलं. येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांचं गाव. इस्पितळ गुहेत, राहणं गुहेत, बॉम्बपासून आडोसा म्हणजे तीच गुहा.

जेवायला काय? तर राळे. उत्तर चीनमध्ये गरिबाचं आणि सैनिकाचं मुख्य अन्न राळ्याचा भात आणि पेज. आपल्याकडे भोगीला एक दिवस राळ्याचा भात करतात, तोही आता किती घरांत होतो कोण जाणे. सोलापूरच्या माणसाला हे धान्य तरी परकं नव्हतं.

डॉ. मुखर्जी आणि डॉ. चोळकर १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये. एक प्रकृतीमुळे, एक वयामुळे. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. साठीला आलेला नागपूरचा डॉक्टर तिथवर गेला हेच माझ्या दृष्टीने विशेष. बसू आणि कोटणीस मात्र आणखी पुढे, जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ मुलखात गेले. शान्सी, चाहार आणि हेबेई या तीन प्रांतांच्या सीमेवरचा हा प्रदेश. रेल्वे आणि शहरं जपान्यांच्या हातात, डोंगर आणि खेडी चिनी गनिमांच्या हातात.

इथे एका दुसऱ्या डॉक्टरची ओळख करून द्यावी लागेल, कारण त्यांच्याशिवाय कोटणिसांचं काम कळत नाही. नॉर्मन बेथ्यून, कॅनडाचे नामांकित छातीचे सर्जन. १९३८ मध्ये त्यांनी याच मुलखात मोठ्या हौसेने एक 'आदर्श इस्पितळ' उभारलं. काही आठवड्यांतच जपानी हल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं. त्यातून बेथ्यून एक गोष्ट शिकले : इथे इमारत टिकणार नाही, खेचरावर लादता येईल तेवढंच इस्पितळ खरं. आणि दुसरी गोष्ट अशी, की बाहेरून येणारे डॉक्टर कधीच पुरणार नाहीत, इथल्याच पोरांना शिकवलं पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये हेबेईतल्या तांग भागात एका खेड्यात सैन्याची वैद्यक शाळा सुरू झाली, तिच्यामागे बेथ्यून यांचा आग्रह होता. दोनच महिन्यांत, १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. हातमोज्यांविना शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि रक्तात विष पसरलं. ती शाळा आणि तिथलं इस्पितळ, दोन्हींना नंतर बेथ्यून यांचं नाव दिलं गेलं.

कोटणीस तिथे पोचले ते १९४० च्या उन्हाळ्यात. बेथ्यून यांना भेटायची त्यांची फार इच्छा होती. भेटली ती समाधी. त्याच वर्षी शरद ऋतूत आठव्या मार्ग सेनेने मोठी चढाई केली. त्या धुमश्चक्रीत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी कोटणिसांच्या पथकाकडे आले, अशी चिनी नोंद आहे. ज्यांनी कधी रात्रपाळीला अपघाताची एक बस आलेली पाहिली आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे प्रमुख नेमलं. त्याच वेळी ते वैद्यक शाळेत सर्जरी शिकवू लागले. मुक्काम गेगोंग नावाच्या खेड्यात.

आता ही शाळा कशी असेल ती डोळ्यांपुढे आणा. खेड्यातली मातीची घरं, त्यातलीच काही वर्गाला दिलेली. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. कुणी जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेलं, कुणी सैन्यात आल्यावर अक्षरओळख झालेलं. औषधांची नाकेबंदी होती, त्यामुळे पट्ट्या धुऊन उकळून पुन्हा वापरायच्या, जे हत्यार मिळत नाही ते गावच्या सुताराकडून, लोहाराकडून करून घ्यायचं. जपान्यांची 'सफाई मोहीम' सुरू झाली की सगळी शाळा डोंगरात. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत लपवायचं, पाठीवर बिछाना बांधायचा आणि चालायचं. चालणं थांबलं की धडा. १९४१ च्या शरद ऋतूत अशी फार मोठी मोहीम झाली, गावंच्या गावं जाळली गेली. शाळा बंद पडली नाही.

अशा ठिकाणी मुंबईचा एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर शिकवणार कोणत्या भाषेत?

सुरुवातीला दुभाष्या होता. पण दुभाष्याकरवी सर्जरी शिकवून बघा म्हणजे कळेल. 'इथे काप' आणि 'इथे कापू नको' यांतलं अंतर फार थोडं असतं. कोटणीस येनानला असल्यापासूनच चिनी शिकत होते. १९४१ पर्यंत ते चिनीत बोलत, वाचत आणि लिहीतही. चिनी लिपीला बाराखडी नाही, हजारो चिन्हं एकेक करून डोक्यात भरावी लागतात, आणि हा माणूस दिवसभर शस्त्रक्रिया करून रात्री दिव्याशी बसून ती भरत होता. पुढे त्यांनी दुभाष्या सोडला आणि थेट चिनीतच शिकवायला लागले.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळल्यावर बराच वेळ मी पुस्तक मिटून बसलो. चिनीत 'येन' असं एक चिन्ह आहे. विस्तवाचं चिन्ह एकावर एक दोनदा काढलं की ते तयार होतं. आगीवर आग. वैद्यकात त्याचा अर्थ दाह, म्हणजे आपण ज्याला इन्फ्लमेशन म्हणतो ते. फुप्फुसाला 'फेइ', म्हणून न्यूमोनिया म्हणजे 'फेइ-येन'. पोटाला 'वेइ', म्हणून गॅस्ट्रायटिस म्हणजे 'वेइ-येन'. शेतकऱ्याच्या पोराला फुप्फुस माहीत आहे, आग माहीत आहे. त्याला रोगाचं नाव पाठ करावं लागत नाही, ते नावच त्याला सांगतं की कुठे काय पेटलं आहे. कोटणीस अशा भाषेत शिकवत होते.

एवढंच करून ते थांबले नाहीत. पाठ्यपुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी ते लिहायला घेतलं, चिनीत. सामान्य शल्यशास्त्राचा भाग पुरा केला. मग अवयवांनुसार एकेका आजाराच्या शस्त्रक्रियेचा दुसरा भाग हाती घेतला. मी स्वतः एकदा विद्यार्थ्यांसाठी साठ पानांच्या टिपणांची पुस्तिका काढली होती, घरात पंखा, टेबल, संगणक, शेजारी चहा. तिला दोन वर्षं लागली आणि त्याबद्दल मी अजून कौतुक ऐकून घेतो.

सिनेमात नसलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो. क्वो छिंगलान त्याच शाळेत परिचर्या शिकवत. दोघांची पहिली भेट बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात झाली आणि १९४१ च्या अखेरीस लग्न. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. कोटणिसांच्या स्वतःच्या चिनी नावातही तेच 'हुआ' होतं : के दिहुआ. पथकातल्या पाचही जणांच्या नावांना शेवटी ते जोडलेलं होतं. ७ जुलै १९४२ ला ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. आपल्याकडच्या भाषणांत हे वाक्य बहुतेक वेळा गाळतात, काही जण दुसरं काहीच सांगत नाहीत. झालं ते झालं, लिहिलं पाहिजे.

आणि गावकरी. सैनिकांसाठीचं इस्पितळ गावात असलं की गावातलं बाळंतपणही त्याच डॉक्टरांकडे येतं, म्हाताऱ्याचा खोकलाही. तिथले लोक त्यांना प्रेमाने 'काळी आई' म्हणायचे, असं सांगतात. चिनी माणसाला त्यात रंग आणि माया एवढंच दिसत असणार. पण आपल्या भाषेत काळी आई म्हणजे काय, हे मोहोळ-मंगळवेढ्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. ज्वारी जिच्यात उगवते ती.

फिट यायला लागल्या होत्या. कामाचा ताण, अपुरं अन्न, झोप नाही. वरिष्ठांनी त्यांना उपचारांसाठी बाहेर पाठवायची तयारी दाखवली, ते गेले नाहीत. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री एकामागून एक झटके आले. ९ डिसेंबरला पहाटे गेगोंगमध्ये ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसऱ्या पुस्तकाचं लिखाण अर्धवट राहिलं. माओंनी श्रद्धांजलीत लिहिलं ते, सैन्याने मदतीचा हात आणि राष्ट्राने मित्र गमावला, अशा आशयाचं. त्या वाक्याचं पुढे खूप कौतुक झालं. माझ्या मनात मात्र घोळतं ते टेबलावरचं अर्धं पान.

आता जरा स्वतःविषयी. ते न सांगता हा लेख लिहिणं मला बरं वाटणार नाही.

आपण सगळे मराठी माध्यमाचे. मेडिकलला गेल्यावर पहिले सहा महिने मी वर्गात काय चाललंय हे न कळता फक्त मान हलवत होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रात्री शब्दकोश घेऊन बसायचं. कसा तरी निघालो. मग स्वतः शिकवायला लागल्यावर मी काय केलं? तेच. पहिल्या तासाला इंग्रजीत सुरुवात, शेवटच्या तासाला इंग्रजीत शेवट. वर्गात अक्कलकोटची, सांगोल्याची पोरं बसलेली, आणि मी त्यांच्याकडे न बघता बोलतोय.

एका वर्षी सर्जरीच्या तोंडी परीक्षेला असाच एक मुलगा आला. हर्निया अडकतो तेव्हा आत काय होतं, एवढंच मी विचारलं. तो उभा राहून घामाघूम. एक शब्द फुटेना. "नेक्स्ट," मी म्हणालो आणि कागदावर आकडा टाकला. तासाभराने चहाला बाहेर पडलो, तर हाच मुलगा व्हरांड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यापुढे उकिडवा बसलेला. म्हाताऱ्याला ऑपरेशनला तयार व्हायचं नव्हतं. मुलगा त्याला सांगत होता, "बाबा, आतडं फटीत अडकलंय. त्याला रक्त पोचंना. आत्ता सोडवलं तर जगंल. रात्रभर थांबलात तर काळं पडंल, मग कापूनच टाकावं लागंल." म्हाताऱ्याने सही केली. सही म्हणजे अंगठा.

मी उलटा फिरून कागद बदलायला हवा होता. फिरलो नाही. बाहेरचे परीक्षक काय म्हणतील, नियम काय, अशी कारणं होती. तो सहा महिन्यांनी पुन्हा बसून पास झाला. त्याला मी हे कधीच बोललो नाही. पुढच्या सत्रापासून वर्गातली शेवटची दहा मिनिटं मराठीत घ्यायला लागलो, एवढं केलं. सहकारी हसायचे. मुलं मात्र त्या दहा मिनिटांत वह्या मिटून नुसती ऐकायची, आणि तेव्हाच प्रश्न विचारायची.

मराठीत वैद्यक शिकवा म्हणजे सगळं सुटेल, असं माझं म्हणणं नाही. आपल्या परिभाषाकोशातला 'आंत्रपुच्छदाह' कुणा रुग्णाला समजत नाही, 'अपेंडिक्स' समजतं. शिवाय गेगोंगची शाळा युद्धातली होती. तिथे जखमेचा डॉक्टर दीड-दोन वर्षांत तयार करायचा होता. आजच्या अभ्यासक्रमाशी तिची तुलना करणं चुकीचं ठरेल. पण शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या भाषेकडे चालत जायचं की विद्यार्थ्याने शिकवणाऱ्याच्या, हा प्रश्न तिथे एका परदेशी माणसाने स्वतःपुरता सोडवला होता. मी तर माझ्याच गावात, माझ्याच भाषेत होतो.

थोड्या शिक्षणावर खेड्यातल्या माणसाला आरोग्याचं काम शिकवायचं, ही कल्पना नंतर चीनमध्ये १९६०च्या दशकात 'अनवाणी डॉक्टर' म्हणून जगभर गाजली. आणि आपल्या करमाळ्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, काही तर निरक्षर, बायकांना शिकवून गावाच्या आरोग्याचं काम त्यांच्या हाती दिलं. या तिन्हींत थेट नातं आहे असं मी म्हणत नाही. मला ती तिन्ही एकाच फळ्यावर दिसतात, एवढंच. इंटर्नशिपला असताना जामखेडला चार दिवस गेलो होतो. तिथल्या एका बाईंनी मला बाळाचं दंड मोजून कुपोषण कसं ओळखायचं ते शिकवलं. माझ्या पुस्तकात ते होतं, मी वाचलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. बेथ्यून वैद्यक शाळा अनेक स्थलांतरांनंतर चांगचुन शहरात मोठं वैद्यकीय विद्यापीठ झाली; २००० मध्ये ते जिलिन विद्यापीठात सामील झालं. इस्पितळ आज हेबेईच्या राजधानीत, शिजियाझुआंगला आहे. तिथल्याच हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीस आणि बेथ्यून यांच्या समाध्या आहेत. त्या शहरात १९९२ मध्ये के दिहुआ यांच्या नावाने एक वैद्यक शाळा निघाली. नवे विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. हे वाचलं तेव्हा मला शांतारामांच्या सिनेमापेक्षा जास्त भरून आलं. यिनहुआ स्वतः डॉक्टर व्हायला निघाला होता. १९६७ मध्ये, शिक्षण संपत आलेलं असताना गेला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत होत्या. त्या भारतात कितीतरी वेळा आल्या, कोटणिसांच्या बहिणी-भावांना भेटल्या. डॉ. बसू परतल्यावर पुढे चीनमधून अॅक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात त्यांनी ते रुजवलं, कोटणिसांच्या नावाने समित्या काढल्या. चीनने १९८२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं, आपण १९९३ मध्ये.

आपल्या भैय्या चौकातल्या कोटणिसांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. सोलापुरात राहून मी तिथे किती वर्षं गेलो नव्हतो, हे सांगायची लाज वाटते. गेल्या वर्षी नातीला घेऊन गेलो. फोटो, पत्रं, चिनी अक्षरं. ती इंग्रजी माध्यमातली. तिने विचारलं, "आजोबा, हे डॉक्टर की टीचर?" मी तिला सर फळ्यावर काय लिहायचे ते सांगितलं. तिने फोनवर लिहून घेतलं आणि विचारलं, "'पुसू नये' पण लिहू का?"

समितीने स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवली आहे. रविवारी आठ वाजता शाळेच्या फाटकापासून आम्ही काही जण भैय्या चौकात जाणार आहोत. गणिताचे सर येतो म्हणाले आहेत. इतिहासाच्या सरांच्या घरून वहिनी येणार आहेत. वर्गात त्यांनी लावलेली तारखांची जुनी वही त्यांनी जपून ठेवली आहे, ती त्या बरोबर आणणार आहेत.